चुना पुसल्यानंतरचा फोटो

"बाई, हे ठिपके मला काही बरे वाटत नाहीत," सर फोनवर म्हणाले. "डाव्या बाजूला, वरच्या भागात, बाहेरच्या अंगाला. पुंजक्यानं आहेत. बायोप्सी करावी लागेल. पेशंट आहे का तिथंच?"

पेशंट तिथंच होती. माझ्याच खोलीत, पडद्यामागच्या स्टुलावर. हॉस्पिटलचा हिरवा गाऊन छातीशी घट्ट धरून बसली होती आणि फोनमधला आवाज ऐकू येतो का म्हणून कान देत होती. मी आवाज बारीक केला, म्हटलं, "आहे सर. दहा मिनिटं द्या."

सर म्हणजे आमचे रेडिओलॉजिस्ट. फोटो वाचणारे डॉक्टर. ते नागपूरला बसतात, आम्ही पाठवलेले फोटो कॉम्प्युटरवर बघतात, आणि गुरुवारी स्वतः येऊन सोनोग्राफी करतात. बाकीचे दिवस खोलीत मी एकटी आणि मशीन एकटं. मी मूळची डार्करूम असिस्टंट. एक्सरेच्या फिल्म अंधारात धुवायचं काम. नऊवारीपासून नायलॉनपर्यंत सगळ्या साड्यांतल्या बायकांच्या छातीचे फोटो मी धुतले, पण चेहरा एकीचा पाहिला नाही. मग मॅमोग्राफीचं मशीन आलं. बाया म्हणाल्या, पुरुष असेल तर आम्ही कपडे काढणार नाही. कंपनीच्या माणसानं मला चार दिवस शिकवलं, बाकीचं मशीननं शिकवलं. परीक्षा नंतर दिली, पास झाले. निवृत्त झाल्यावर दुसरी बाई मिळेना म्हणून कंत्राटावर परत मलाच बसवलं आहे.

मॅमोग्राफी म्हणजे छातीचा एक्सरेच, पण दाबून काढलेला. खाली एक प्लेट, वर एक प्लेट, मधे छाती. दुखतं. जी म्हणते दुखत नाही ती खोटं बोलते. दोन बाजूंचे दोन-दोन असे चार फोटो. त्यात चरबी काळी दिसते, दूध तयार करणारा भाग पांढरा दिसतो, आणि गाठही पांढरीच दिसते. या मशीनची मोठी खुबी अशी की मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपकेसुद्धा ते पकडतं. कॅल्शियमचे कण असतात ते. पुष्कळदा निरुपद्रवी. पण एका जागी पुंजका करून बसले तर डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडते, कारण कधीकधी कॅन्सरची ती पहिली खूण असते.

या बाईच्या फोटोत तसा पुंजका होता.

तिचं नाव वच्छला. वय एक्केचाळीस. गोंडपिपरीकडच्या एका ढिवरांच्या गावची. तलावात मासे धरायचे, धान लावायच्या दिवसांत मजुरी करायची. एकटी आली होती. सोबत कोण आहे विचारलं तर म्हणाली, "कोनी नाई. घरी सांगतलं का बचतगटाची मीटिंग हाय म्हून." फॉर्मवर मोबाईल नंबर लिहिला तो नवऱ्याचा. लिहून झाल्यावर म्हणाली, "पन फोन नोका लावजा बाई."

फोन ठेवला आणि मी नेहमीसारखी मशीनची प्लेट पुसायला घेतली. प्रत्येक बाईनंतर पुसावी लागते. कापसाचा बोळा फिरवला तर तो पिवळट झाला, चिकट झाला. नाकाजवळ नेला. आणि मी एकदम धानोऱ्याच्या बाजारात जाऊन उभी राहिले.

माझे अब्बा धानोऱ्याला मोहफूल, टोळी, हिरडा विकत घ्यायचे. टोळी म्हणजे मोहाचं बी. त्याचं तेल काढतात, थंडीत ते तुपासारखं थिजतं. आमच्या घराला, अंथरुणाला, अब्बांच्या सदऱ्याला त्याच तेलाचा कडवट वास. शाळेत पोरी माझ्या बाजूला बसायच्या नाहीत. असा वास माणूस मेल्यावरच विसरत असेल.

"वच्छला," मी म्हटलं, "छातीले काय लावलं होतं?"

"काई नाई."

"खोटं नोको बोलू. टोळीचं तेल होय न हे?"

ती खाली मान घालून म्हणाली, "चुना, हरद न तेल. दोन महिने झाले, लावून राह्यलो. वाटलं, जाळ्याचा बांबू लागला म्हून सूज आली असन. पन आज आंगोळ करून आलो न बाई. तीनदा साबन लावला."

"मंग फॉर्म भरताना काऊन नाई सांगतलं?"

"मांगं एका डाक्टरनं लेप पाह्यला त वापस धाडलं. म्हने, आधी हा जंगलीपना बंद कर, मंग ये."

आमच्याकडे सूज म्हटली की चुना-हळद. त्यात टोळीचं तेल घातलं की लेप पाण्यात उतरून काम केलं तरी निघत नाही, म्हणून ढिवराच्या बायांची ही खास पद्धत. आणि चुना म्हणजे काय? कॅल्शियमच. तीनदा साबण लावला तरी तेलात बसलेला चुना कातडीच्या बारीक घड्यांत राहतो. डोळ्याला दिसत नाही, मशीनला दिसतो.

मी गिझरचं कोमट पाणी आणलं, साबण घेतला, मऊ फडकं घेतलं. म्हटलं, फोटोत ठिपके आले आहेत, चुन्याचे आहेत का बघू, हात वर कर. हळूहळू पुसलं. काखेपासून खालपर्यंत, पुन्हा पुन्हा. गाठ माझ्या बोटाखाली लागली. बोराएवढी, कडक, जागची न हलणारी. ती वर पंख्याकडे बघत होती. मधेच म्हणाली, "माय मेली तवापासून कोनी आंग पुसून नाई देल्लं."

मी फडकं पिळून घेतलं. घरी मलाही कोण आहे? शोहर गेले त्याला अकरा वर्षं झाली. पोरगा हैदराबादला. पाठीला मलम लावायचं असलं तर मी चमच्याच्या दांडीनं लावते. पण हे पेशंटला सांगायचं नसतं.

फोटो परत काढले. ठिपके गायब! एकही नाही. मी सरांना फोन केला, लेपाचं सांगितलं, हाताला लागलेल्या गाठीचंही. त्यांनी नवा फोटो उघडला आणि हसायलाच लागले.

"अहो बाई, कमाल केलीत! हे नागपुरात कोणाला सुचलं नसतं. एका बाईची बायोप्सीची सुई वाचवलीत तुम्ही."

मी फुगले. खोटं कशाला सांगू. तीस वर्षांत डॉक्टरच्या तोंडून "कमाल" हा शब्द माझ्यासाठी पहिल्यांदा निघाला होता.

पुढे ते म्हणाले, "पण ऐका. फोटो डेन्स आहे. हाताला गाठ लागते आणि फोटोत दिसत नाही, हे बरोबर नाही. गुरुवारी सोनोग्राफीला बोलवा. नक्की बोलवा."

डेन्स म्हणजे दाट. चाळिशीच्या आसपासच्या पुष्कळ बायांच्या छातीत चरबी कमी आणि दुधाचा भाग जास्त असतो. मग सगळा फोटोच पांढरा येतो. त्यात पांढरी गाठ कशी शोधणार? धुक्यात बांधावर बगळा बसला तर दिसतो का? बगळा असतोच तिथं. अशा वेळी सोनोग्राफी उपयोगी पडते. ती आवाजाच्या लहरींवर चालते. तिला धुकं आडवं येत नाही. गाठीत पाणी आहे की ती भरीव आहे, कड गुळगुळीत आहे की वेडीवाकडी, हे ती सांगते. पण ते मिठाच्या कणासारखे ठिपके तिला नीट दिसत नाहीत. म्हणजे एकीला जे दिसतं ते दुसरीला नाही. कोणती मशीन चांगली असं लोक मला विचारतात. दोन आंधळ्या जावा एक घर चालवतात, तसं आहे ते. एकीला सोडून चालत नाही.

हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. तेच तर सांगायचं आहे.

मी पडद्यामागे गेले आणि म्हटलं, "पोरी, ते ठिपके चुन्याचे निघाले! घाबरू नोको. आता पाह्यलं त एक बी नाई."

तिचा चेहरा असा उजळला की मला माझंच कौतुक वाटलं. तिनं माझे दोन्ही हात धरले. हसली, डोळे पुसले, परत हसली. मग मी म्हटलं, "गुरुवारी सोनोग्राफीले मात्र ये, गाठ पाह्याची हाय." ती म्हणाली, "येतो न बाई, येतो." पण ती तेव्हा ब्लाउजचे हूक लावत होती आणि मनानं एसटीत जाऊन बसली होती. मी ते पाहिलं. पाहून सोडून दिलं.

त्याच आठवड्यात मी पोराकडे हैदराबादला गेले. महिनाभराची रजा साठली होती. नवव्या मजल्यावरचा फ्लॅट. सकाळी आठला पोरगा-सून कामाला जायचे ते रात्री आठला यायचे. बारा तास मी आणि फ्रीज. फ्रीज मधेमधे घुरघुरायचा, मी त्याला "हो का" म्हणायचे. चुन्याची गोष्ट मी तिथं सगळ्यांना सांगितली. सुनेला, तिच्या आईला, लिफ्टपाशी बसणाऱ्या वॉचमनला. वॉचमन तेलुगू, त्याला अर्धी कळली, तरी त्यानं "वेरी गुड अम्मा" म्हटलं. दर वेळी गोष्ट ठिपके गायब होण्यापाशी संपायची. त्यापुढं सांगायचं काही उरलं आहे हे माझ्या डोक्यातच नाही आलं.

परत आले तो गुरुवार होता. सोनोग्राफीची यादी सहज चाळली. मागच्या गुरुवारची, त्याच्या मागच्या. वच्छलाचं नाव नाही. पाच गुरुवार पाहिले. कुठंच नाही.

मी सरांना वच्छलाची आठवण करून दिली. ते एका पेशंटची सोनोग्राफी करत होते, त्यांचा हात थांबला. "बाई, त्या गाठीचं काय झालं म्हणता?"

"आलीच नाही सर."

"फोन करा."

"नवऱ्याचा नंबर आहे. फोन करू नका म्हणाली होती."

"मग तिच्या गावातल्या आशाताईकडून निरोप द्या."

"आशाताई तिची चुलत नणंद लागते."

सर म्हणाले, "बघा काहीतरी," आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. त्यांचीही चूक नाही. बाहेर चाळीस बाया बसल्या होत्या.

रविवारी मी चंद्रपूरहून एसटी पकडली. गोंडपिपरीला उतरून ऑटो केला. तलावाच्या पाळीवर गेले तर सात-आठ बाया कमरेएवढ्या पाण्यात. वच्छला त्यातलीच एक. मला पाहिलं आणि पाठ फिरवली.

पाळीवर मासे निवडत बसलेली एक म्हातारी होती. तिनं विचारलं, "कोनाकडची होय व बाई?"

"चंद्रपूरची. मासे घ्याले आली."

"आवं माय!" ती ओरडली. "पाहा व, चंद्रपुरातले मासे सरले! ही बाई तिकीट काढून आली बोटरी मासोळीसाठी!"

पाण्यातल्या सगळ्या हसल्या. एक म्हणाली, "जावई येनार असन!" दुसरी म्हणाली, "जावयासाठी कोनी एवढं करते काय, दुसरा नवरा कराची असन!" मीही हसले. म्हटलं, "नवरा पाह्यला हाय, पन तो म्हन्ते बोटरी आन, मंगच कबूल हाय म्हनीन." हसणं आणखी वाढलं. पण वच्छला हसत नव्हती.

मी मुद्दाम म्हटलं, "मले त्या बाईच्या टोपलीतले पाह्यजे." ती नाइलाजानं बाहेर आली. पाळीच्या पलीकडे मोहाच्या झाडाखाली आम्ही टोपली मधे घेऊन बसलो. ती मासे मोजायला लागली, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "इथी कायले आली बाई? नोका येत जाऊ."

"गुरुवारी काऊन नाई आली?"

"तुमीच त सांगतलं. चुना होय म्हून."

"ठिपके चुन्याचे होते. गाठ नाई."

"मंग तवा काऊन हसून सांगतलं?"

मी म्हटलं, "चुकली माही. मीच आधी चांगलं सांगतलं न कामाचं मांगून सांगतलं. गाठ हाय का अजून?"

तिच्या हातातला मासा तडफडत होता. "हाय," ती म्हणाली. "मोठी झाल्यासारखी वाटते. लेप बंद केला मी. चुन्यानं झालं असन म्हून." मग एकदम चिडली. "तुमची मशीन आधी खराब सांगते, मंग चांगलं सांगते. आता दुसरी मशीन तिसरंच सांगन! कोनत्या मशीनीचं ऐकाचं मी?"

मी तिला समजावायला तोंड उघडलं. एक्सरे, आवाजाच्या लहरी, दाट, विरळ. तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटेना. शेवटी मी तलावाकडे हात करून विचारलं, "पाळीवर उभं राहून तुले मासा दिसते काय?"

"वरचा दिसते. गढूळ पानी असलं त थो बी नाई."

"अन चिखलात बसला असन त?"

"पाय टाकून पाह्याव लागते. पायाले समजते, गोटा होय का मासा होय."

"मंग?"

तिनं माझ्याकडे पहिल्यांदा पाहिलं. "म्हंजे तुमची मशीन पाळीवरून पाह्यते," ती म्हणाली, "न दुसरी चिखलात पाय टाकते."

एवढ्या वर्षांत कोणाही डॉक्टरनं मला इतक्या कमी शब्दांत ते सांगितलं नव्हतं. मी नुसती मान हलवली. त्या दिवशी मान हलवण्यापलीकडे काही बोलायची मला भीती वाटत होती.

गुरुवारी ती आली. पुन्हा एकटी. सर म्हणाले, बाई, तुम्ही आत थांबा. खोलीतला दिवा बंद केला. पडद्यावर राखाडी भुरकट चित्र, आणि त्यात एक काळा डाग. पाण्याची गाठ असती तर गोल, गुळगुळीत आणि स्वच्छ काळी दिसली असती. ही भरीव होती, रुंदीपेक्षा उंच, कडा फाटक्या. तीस वर्षं मीही फोटोच पाहत आले आहे, मला विचारायची गरज नव्हती. वच्छला माझ्याकडे बघत होती. पडद्याकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे. मी चेहरा तसाच ठेवला. एवढं जड काम मी या नोकरीत दुसरं केलेलं नाही.

सरांनी तिथंच जागा बधिर करून सुईनं तुकडा घेतला. ही बायोप्सी. मशीनी फक्त संशय सांगतात, नाव सुईच सांगते. आठवड्यानं नाव आलं. कॅन्सर.

मग तिला घरी सांगावं लागलं. नवरा आला. मीटिंगचं खोटं बोलली म्हणून आधी तिच्यावर खेकसला, मग बाकावर बसून त्यानं डोकं दोन्ही हातांत धरलं. नागपूरला नेलं. तिथं एमआरआय केला. ते चुंबकाचं मशीन, शिरेत औषध सोडून काढतात. दाट छातीत आणखी कुठं लपलेलं आहे का, दुसऱ्या बाजूला आहे का, हे बघायला. त्यात फार दिसतं, कधी नको तेही दिसतं, म्हणून ते सगळ्यांना पहिल्यांदाच करत नाहीत. तिच्यात दुसरं काही निघालं नाही. काखेत मात्र कॅन्सर एका गाठीपर्यंत पोचला होता. ऑपरेशनमधे ती छाती काढली, केमो झाली, केस गेले, परत आले.

मी एकदा सरांना एकटं गाठून विचारलं, "सर, ते पाच आठवडे. ती पहिल्याच गुरुवारी आली असती तर काखेत नसता का पोचला?"

सर म्हणाले, "कदाचित नसता. कदाचित आधीच पोचलेला असेल. मला सांगता येणार नाही, बाई." आणि ते जेवायला गेले. मी माझा डबा उघडला आणि बंद केला. हा प्रश्न वाटून घ्यायला या जगात दुसरं कोणी नाही. सरांना आठवतही नसेल. वच्छलाला मी विचारू शकत नाही. फ्लॅटमधल्या वॉचमनला मी गोष्टीचा पुढचा भाग कळवलेला नाही.

वच्छला जिवंत आहे. तीन वर्षं झाली. उरलेल्या बाजूच्या फोटोसाठी वर्षातून एकदा माझ्याकडे येते. आता सोबत तीच चुलत नणंद असते, आशाताई. मी फॉर्मवर एक ओळ हातानं वाढवली आहे: "लेप, तेल, पावडर काय लावले?" आणि विचारताना रागवत नाही. बोलण्याचा क्रमही बदलला आहे. आधी पुढची तारीख सांगते, ती तिच्याकडून वदवून घेते, सोबतच्या बाईकडूनही वदवून घेते. चांगली बातमी असली तर ती डॉक्टरांसाठी ठेवते.

मागच्या वेळी फोटो काढून झाल्यावर वच्छलानं विचारलं, "कसा आला बाई?"

"सर सांगतीन."

"तुमाले त दिसून राह्यलं न."

"दिसते."

"मंग सांगा न. चांगलाच असन त सांगाले काय जाते?"

तो चांगलाच होता. जिभेच्या टोकावर आलं होतं. मी म्हटलं, "गुरुवारी किती वाजता येशीन?"

"दहा वाजता," ती म्हणाली. जरा रुसली असावी. पदर सारखा करून निघून गेली.

हॉस्पिटलातल्या पोरी म्हणतात, शमीमबाई म्हाताऱ्या झाल्या, पहिल्यासारख्या बोलत नाहीत. बोलते की. भाजीचं बोलते, गुडघ्याचं बोलते, हैदराबादच्या लिफ्टचं बोलते. फोटोचं बोलत नाही. त्याचा पगार सरांना मिळतो.